तिसरा रकाना

माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरच्या मागं, जिथं बाकीचे दुकानदार देवाचा फोटो लावतात, तिथं एक दुर्बीण टांगलेली आहे. देवाचा फोटोही आहे, पण तो जरा बाजूला सरकवलाय. दुकान देऊळगाव राजाच्या बसस्टँडसमोर. जालन्याची गाडी चुकलेला माणूस डोकेदुखीची गोळी घेण्याच्या निमित्तानं पंख्याखाली येऊन उभा राहतो, आणि थोड्या वेळानं त्याची नजर दुर्बिणीवर जाते.

"विकायची का?"

"नाही."

"मग बिघडलेली दिसते."

"नाही. चांगली चालते."

यापुढं काय विचारावं ते त्याला सुचत नाही आणि काय सांगावं ते मला. गाडी लागली की तो निघून जातो.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची आहे. म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची. पक्षी बघायला याहून जास्त लागत नाही. हे ज्ञान मला वीसपटीची दुर्बीण विकत घेऊन झाल्यावर मिळालं. टांगलेल्या दुर्बिणीचा पट्टा मात्र तिच्या डब्यातला नाही. तो जाड, घामानं काळवंडलेला पट्टा आहे. खांबावर चढताना लाईनमन लोक कमरेला जो बेल्ट बांधतात, त्यातला कापून घेतलेला. मागच्या पावसाळ्यात जनार्दन गवई गेले. त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, ही दुर्बीण पिशवीतून आणून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुमच्याकडं राहू द्या भाऊ. वह्या मी देत नाई. वह्या घरी राहतीन."

वह्यांबद्दल पुढं सांगतोच. त्या वह्यांत एका पानावर माझं नाव आहे, आणि ते ज्या रकान्यात आहे त्या रकान्यात आठ वर्षांत दुसऱ्या कुणाचंही नाव नाही.

गवईभाऊ मूळचे खामगावकडचे. नोकरीत वीज खात्याचे लाईनमन, लोकांच्या तोंडी 'गवई वायरमन'. बदल्या होत होत आमच्या तालुक्यात आले आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. पण पंचवीस वर्षं आमच्याकडं राहूनही त्यांचं 'मले-तुले' सुटलं नाही. मी ओळखायला लागलो तेव्हा साठी ओलांडलेली, अंग वायरीसारखं, आणि मान कायम वर. रस्त्यानं चालताना माणूस समोर बघतो, फार तर खाली. हे वर बघत चालायचे. खांब, तारा, चिनीमातीचे इन्सुलेटर आणि त्यांवर बसलेलं जे काही असेल ते. "यायच्या चपला पाहा एकदा," वहिनी म्हणायच्या. "गावातलं सगळं शेण घरी येते."

आमची ओळख झाली त्याला कारण माझं ब्लडप्रेशर. सगळ्या गावाला ब्लडप्रेशरच्या गोळ्या देता देता मलाही ते लागलं, आणि डॉक्टर म्हणाले, चालत जा. नुसतं चालणं मला जमत नाही. सोबत काहीतरी सामान लागतं. म्हणून मी पक्षिनिरीक्षणाचा छंद धरला, आणि छंदाआधी सामान मागवलं. झाडापानांच्या रंगाची पँट. अकरा खिशांचं जाकीट, ज्याच्या सातव्या खिशात स्कूटरची किल्ली ठेवून मी ती चार दिवस घरभर शोधली. दुधाच्या बरणीएवढी लेन्स लावलेला कॅमेरा. तीन पायांच्या स्टँडवर बसणारा स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण. आणि ती वीसपटीची दुर्बीण, जी डोळ्याला लावली की हाताच्या थरथरीनं अख्खं खडकपूर्णा धरण भूकंप झाल्यासारखं हलायचं. एवढं सगळं अंगावर चढवून निघालो की बायको म्हणायची, "सीमेवर चाललात का?"

तर अशाच एका सकाळी धरणाच्या मागच्या पाण्याशी, बेशरमाच्या झुडपाआड मी पोटावर पडून एका पांढऱ्या बगळ्याचे फोटो काढत होतो. पंचवीस मिनिटं झाली होती. बगळा बाभळीच्या खुंटावर निश्चल होता. त्याच्या साधनेचं मला कौतुक वाटायला लागलं होतं.

मागून आवाज आला, "उडत नाई का?"

मी हातानंच गप्प राहायची खूण केली.

"ते नाई उडनार," आवाज म्हणाला. "साखरखेर्ड्याच्या बाजारातली हाय ते. कॅरीबॅग."

आता इथं सरळ माणसानं काय केलं असतं? उठला असता, हसला असता. मी मात्र घाईघाईनं गळ्यातली वीसपटीची दुर्बीण डोळ्याला लावली, गंभीरपणे तिकडं पाहिलं आणि म्हणालो, "हो, पिशवीच वाटतेय खरी. वाऱ्यानं कड हलतेय."

"हलून राह्यली?"

"थोडीशी."

"मंग तुमची दुर्बीन लय पावरफुल हाय," ते शांतपणे म्हणाले. "झाकनं लावून बी दिसते तिच्यातून."

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगांवर रबरी झाकणं तशीच होती. मी काळोखात बघून कड हललेली सांगितली होती.

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले, जसं एखाद्या वाकलेल्या खांबाकडं बघावं. मग गळ्यातली आपली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली आणि डावीकडच्या दगडांकडं बोट केलं. तिथं खरा बगळा होता. मी बघत असताना ते म्हणाले, "झाकन लावून पाहनारा मानूस आमच्या लाईनीत लय दिवस टिकत नाई."

त्या वेळी मला तो टोमणा वाटला.

त्यानंतर आम्ही बरोबर जायला लागलो. त्यांनी मला नाव विचारलं नाही. दुकानावरून 'मेडिकल' म्हणू लागले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले. "जय भीम, मेडिकल. उद्या साडेपाचले." महिनाभरात 'तुमी'चं 'तू' झालं. स्कूटर माझी, रस्ता त्यांचा.

त्यांचं सामान एका खांद्याच्या झोळीत मावायचं. दुर्बीण, पाण्याची बाटली, भाकरी बांधलेलं फडकं, पुस्तक आणि वही. हातात बेचक्याची काठी. बेचकं दुर्बिणीखाली धरलं की हात हलत नाही. माझ्या तीन पायांच्या स्टँडचं काम ती काठी करायची आणि वाटेत कुत्रंही हाकलायची. भिंगं पुसायला वहिनींच्या लुगड्याचा एक तुकडा होता. नवं कापड भिंगावर चरे पाडतं, सात वेळा धुतलेलं पाडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या सामानाची त्यांनी कधी टिंगल केली नाही. उलट माझ्या स्कोपला ते डोळा लावायचे तेव्हा आधी टोपी काढून ठेवायचे. टोपीची कड लागते म्हणून. पण बघणाऱ्याला ते वेगळंच काहीतरी वाटायचं.

पाखरांची गोडी कशी लागली ते त्यांनी एकदा सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते धरणाजवळच्या एका खांबावर चढले होते. लाईन बंद, थंडीची सकाळ. काम करता करता मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर चाळीसेक हंस त्यांच्या तोंडासमोरून गेले.

"वरून नाई, खालून नाई. माह्या बरोबरीनं," ते म्हणाले. "एकाचा डोया दिसला मले. त्यानं पाह्यलं माह्याकडं आन् गेला. पस्तीस वर्सं खांबावर चढलो. बरोबरीनं कोनी भेटलं नव्हतं."

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं शाल आणि नारळ दिला. शाल वहिनींना दिली, नारळ फोडून वाटला आणि दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन दुर्बीण आणली. पुस्तकात शोधून त्या हंसांचं नाव काढलं. पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे असतात. हिमालयाच्या पलीकडून येतात, थंडीभर आपल्या धरणांवर राहतात, पहाटे हरभऱ्याच्या शेतात चरतात आणि ऊन तापायच्या आत परत जातात. पुस्तकातलं हे पान त्यांनी इतक्यांदा उघडलं होतं की पुस्तक कुठंही उघडा, तिथंच उघडायचं.

पक्ष्यांशी त्यांचं सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. एका कावळ्याच्या जोडीशी उभं वैर होतं. कावळे बांधकामावरच्या तारा उचलून खांबावर घरटं करतात, ते तारेला टेकतं आणि अर्धं गाव अंधारात जातं. म्हणून पावसाळ्याआधी घरटी काढायचं काम लाईनमनकडं असायचं. पिठाच्या गिरणीजवळच्या खांबावरचं घरटं काढायला गेले तर आत पिल्लं. बाकीचे खाली टाकून मोकळे होतात. यांनी घरटं टोपल्यात ठेवून शेजारच्या लिंबाला नीट बांधून दिलं. पिल्लं जगली. पण कावळ्यांनी उपकाराचा भाग लक्षात ठेवला नाही, घर मोडल्याचा तेवढा ठेवला. पुढं तीन वर्षं गिरणीवरून जाताना इतक्या माणसांतून त्यांनाच टोच बसायची. हेल्मेट घालून गेले तरी ओळखायचे. एकदा मी बरोबर होतो. मी मोठ्या धीरानं मध्ये पडलो. चोच मला लागली.

"तुमचा राग माझ्यावर काढला," मी डोकं चोळत म्हणालो.

"तुह्यावर नाई. तू मधात आला," ते म्हणाले. "ते बरोबर हायेत. त्यायनं डोयानं पाह्यलं होतं ना. त्यायच्या वहीत मी पह्यल्या रकान्यात हाय."

आता वही.

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली एक फळी होती, तिच्यावर खाकी कव्हर घातलेल्या वह्या ओळीनं उभ्या. वर्षाला एक. प्रत्येक पानाला पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिला 'पाह्यला', दुसरा 'आयकला', तिसरा 'सांगीव'. स्वतः डोळ्यांनी पाहिलेला पक्षी पहिल्यात. नुसता आवाज ऐकला तर दुसऱ्यात. आणि दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं तर तिसऱ्यात. फक्त हा तिसरा रकाना वह्यांमागून वह्या कोरा होता. म्हणजे ते कुणाचं ऐकून काही लिहायचेच नाहीत. धरणावरचे भोई कधी सांगायचे, काल मोठे लाल पक्षी होते, हे मान डोलवायचे, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघायचे आणि नाही दिसले तर वहीत काहीच नाही.

मी म्हणालो, "भाऊ, मग तो रकाना आखता कशाला? जागा वाया जाते."

"तो तसाच राहावा म्हनून आखतो," ते म्हणाले.

आणखी एक नियम होता. वहीत खाडाखोड नाही. चुकलं तर खाली नवी ओळ घालून लिहायचं. सबस्टेशनच्या लॉगबुकात तसंच असतं म्हणे. खोडलं की काय झालं होतं ते कळायचा रस्ता बंद होतो.

दर हिवाळ्यात पट्टकदंब ज्या दिवशी पहिल्यांदा दिसत, त्या दिवसाखाली पट्टीनं दोन रेघा असायच्या. हंसाच्या डोक्यावर असतात तशा. सात वह्यांत सात ठिकाणी त्या होत्या. सगळ्या पहिल्या रकान्यात.

आठव्या वर्षी पावसाळा संपता संपता एका दुपारी ते दुकानात आले आणि जालन्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. डोळ्यांत घालायच्या थेंबांची होती. मी ते औषध रोज कुणाला ना कुणाला देतो. पण त्या दिवशी कपाटातून खोका काढायला मला वेळ लागला.

"कायचं हाय हे?"

"डोळ्याचं."

"ते मले बी माहीत हाय. डोयात काय झालं त्याचं?"

"प्रेशर असतं भाऊ डोळ्यात. ते कमी करायचं."

"किती दिवस?"

"चालू ठेवायचं."

त्यांनी खोका खिशात घातला. "म्हन्जे काचबिंदू. डॉक्टरनं बी असंच फिरवून सांगतलं. तुमी लोकं सरळ काऊन नाई सांगत बे?"

कडेकडेनं नजर जात चालली होती. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग ते आत आत सरकत आलं. एकदा धरणाच्या काठावर म्हणाले, "आता दुर्बीन लावायची गरजच नाई राह्यली. मले तसंच दिसते. नळीतून पाह्यल्यासारखं. फक्त जवळ येत नाई काही." नंतर त्या नळीतलंही धूसर व्हायला लागलं. जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा कदाचित. पुढचं सांगता येत नाही.

"यंदा एक डाव पाहून घेतो हंस," ते मला म्हणाले. "दोन रेघा मारतो. मंग वही बंद करू."

एवढंच त्यांना हवं होतं.

डिसेंबर लागला. आम्ही रोज पहाटे जात होतो. मी मागं बसवून न्यायचो, बांधावरून हात धरून उतरवायचो. मी स्कोप लावायचो, ते बेचक्याच्या काठीवर दुर्बीण टेकवून उभे राहायचे. चक्रवाक होते, तुतवार होते, काळे कुदळे होते. पट्टकदंब नव्हते. अकरा पहाटा गेल्या. मी रोज स्कोपमधून पाणी झाडून काढायचो आणि ते रोज एकच विचारायचे, "आले का?"

बाराव्या पहाटे मी म्हणालो, "आले."

हे मी का केलं याची दोन कारणं सांगता येतील. एक, त्या पाठमोऱ्या उभ्या माणसाकडं बघून मला भरून आलं होतं. हे कारण मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. दुसरं कारण लहान आहे. बारा दिवस साडेपाचला उठून मी कंटाळलो होतो, दुकान रोज उशिरा उघडत होतं, आणि एक छोटं वाक्य बोललं की सगळ्यांचं भलं होत होतं. दोन्ही कारणं खरी आहेत. दुसरं जास्त खरं असावं.

त्यांनी दुर्बीण पाण्याकडं वळवली. खूप वेळ बघितलं. "मले नाई दिसत."

"लांब आहेत भाऊ. पार पलीकडच्या काठाला."

"किती?"

"अठरा." वीस म्हटलं असतं तर अंदाज वाटला असता. दुकानदाराला एवढं कळतं.

"पान्यात का काठावर?"

"काठावर. बसलेत."

"तोंड कोनीकडं?"

मला वाटलं, ते मनात चित्र काढताहेत. मीही रंगात आलो. "पलीकडं. आपल्याकडं पाठ करून बसलेत सगळे. म्हणून डोक्यावरचे पट्टे छान दिसतायत. दोन-दोन."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांच्या मफलरचं टोक खांद्यावरून पुढं, पाण्याच्या दिशेनं फडफडत होतं. "वारा मांगून हाय," ते म्हणाले.

"हो ना, गार आहे फार."

त्यांनी झोळीतून वही काढली, नाकाजवळ धरून काहीतरी लिहिलं, मिटली. वाटेत काही बोलले नाहीत. मी आनंदात होतो. मला वाटलं, भरून आलंय त्यांना. त्यांना घरी सोडून मी दुकानात गेलो आणि दोन गिऱ्हाइकांना मोठ्या समाधानानं चुकीच्या पावरच्या गोळ्या काढून दिल्या. दोन्ही वेळा त्यांनीच चूक लक्षात आणून दिली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. पंधरा दिवसांनी थेंब न्यायला वहिनी आल्या.

"भाऊ, काय झालं तुमचं दोघायचं? सकाळी उठून ओट्यावर बसतेत. म्या म्हनलं मेडिकलले बोलवू का, तर म्हनते राहू दे."

मी त्या दुपारी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी समोरून आलो तरी मान वळवून, कान माझ्याकडं करून म्हणाले, "ये, मेडिकल. चप्पल घासून चालतं तू. तळ गेला हाय डाव्या पायाचा."

मी बसलो. वहिनींनी चहा आणला. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पाखरू वाऱ्याकडं तोंड करून बसते. वाऱ्याले पाठ दिली का पिसं उलटी होतेत त्याचे, आंगात थंडी शिरते. कोंबडी बी बसत नाई तशी. वारा आपल्या मांगून होता. अठरा हंस असते त अठराच्या अठरा आपल्याकडं पाहत असते."

मी डाव्या चपलेकडं बघत राहिलो.

"मले वाटलं, तुमाला बरं वाटेल," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून 'मले' निघालं होतं.

"सोपान म्हनून एक होता माह्याबरोबर," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं, कुणाचा पत्ता सांगावा तसा आवाज. "हेल्पर. खामगावकडं असतानाची गोठ. सांजच्याले लाईनीवर काम होतं. तो खांबाखाली उभा. म्हने, भाऊ, बंद हाय ना? म्या म्हनलं, हाव, बंद हाय, चढ. म्या पाह्यलं नव्हतं. मले कोनीतरी सांगतलं होतं. बरं, ज्यानं सांगतलं त्यानं बी पाह्यलं नव्हतं. त्याले कोनी सांगतलं असन."

ओट्यासमोर दोन साळुंक्या भांडत होत्या. त्यांनी त्या आवाजाकडं मान वळवली.

"चढला तो," ते म्हणाले. "माह्या शब्दावर चढला."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

"बत्तीस वर्सं झाले. तवापासून तो रकाना हाय. आधी लाईनीच्या डायरीत होता, मंग पाखरायच्या वहीत आला." त्यांनी हात चाचपडून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तू वाईट नाई, मेडिकल. सोपानले बी म्या वाईट मनानं नव्हतं सांगतलं."

मी घरी आलो. त्या दिवशी वहीत त्यांनी काय लिहिलं होतं ते विचारायचं धाडस झालं नाही.

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी ते वहिनींच्या हाताला धरून दुकानात आले. गिऱ्हाईक होतं तरी थांबले नाहीत. "उद्या साडेपाचले," म्हणाले आणि वळले. मी झोपलो तो चार वाजेपर्यंतच.

त्या पहाटे धुई पडली होती. आमच्याकडं क्वचित पडते, पण पडली की धरणाच्या बाजूला हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. स्कूटरचा दिवा लावून मी ती पायांनी रस्ता चाचपत नेली. बांधावर आलो तेव्हा पाणी कुठं सुरू होतं आणि आभाळ कुठं, काही कळत नव्हतं. मी स्कोप काढलाच नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी आणि ते एकसारखं बघत होतो.

त्यांनी झोळीतून वही काढून माझ्याकडं दिली. पेनही दिलं. "आता तूच लिही. मले ओळ दिसत नाई."

मी मोबाइलच्या उजेडात पानं उलटली. डिसेंबरचं ते पान आलं. अक्षर वेडंवाकडं झालं होतं, पण रकाना चुकला नव्हता. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'पट्टकदंब, १८, मेडिकल.' दोन रेघा नव्हत्या. आणि त्याखालची एक ओळ रिकामी सोडली होती. पुढच्या तारखा त्या ओळीनंतर सुरू होत होत्या. चिमण्या, साळुंक्या, ओट्यावरून ऐकलेला भारद्वाज. सगळ्या दुसऱ्या रकान्यात. मधली एक ओळ दीड महिना कोरी होती.

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मी गुडघ्यावर वही ठेवली आणि त्या ओळीत लिहिलं, 'मी पाहिले नव्हते.' खाली सही केली. पेन थंडीनं नीट उठत नव्हतं, म्हणून एकेक अक्षर दोनदा गिरवावं लागलं.

"लिवलं?"

"लिहिलं."

"काय लिवलं ते वाचू नको. तू पाह्यलं ना लिवताना, झालं."

मग आम्ही थांबलो. धुई हलत नव्हती. कुठंतरी चक्रवाक ओरडला, जुन्या सायकलच्या भोंग्यासारखा. ते म्हणाले, "एक." दूर एखादी टिटवी. मग बराच वेळ काहीच नाही. माझे पाय बधिर झाले. आणि मग हरभऱ्याच्या शेतांच्या बाजूनं आवाज आला. नाकातून, घोगरा, एकामागून एक. आधी लांब, मग जवळ, मग आमच्या डोक्यावर. इतक्या जवळ की पंखांचा हवेत घासल्याचा आवाजही ऐकू येत होता. मी मान वर करून डोळे ताणले. पांढरं. सगळीकडं पांढरं. आवाज आमच्यावरून पाण्याकडं गेला.

गवईभाऊ हलले नव्हते.

"दिसले?" त्यांनी विचारलं.

हंस तिथंच होते. डोक्यावरून गेले होते. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मी 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं आहे असं जगात कुणाला सिद्ध करता आलं नसतं, वाऱ्यालाही नाही. वारा पडला होता.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "ऐकले. दिसले नाहीत."

"किती?"

"मोजता नाही आले."

"मंग दोघायचंही दुसऱ्याच रकान्यात लिही. तुह्यं बी, माह्यं बी."

मी लिहिलं. मग विचारलं, "दोन रेघा मारू?"

त्यांनी जरा विचार केला. "एक मार," ते म्हणाले.

मी पट्टी नव्हती म्हणून वहीच्या पुठ्ठ्याच्या कडेनं एक रेघ मारली. मान वर केली तेव्हा ते मला दिसले ते असे: बेचक्याची काठी जमिनीत रोवलेली, टोपी काढून खिशात कोंबलेली आणि दुर्बीण डोळ्यांना लावलेली, त्या धुईत, हंस गेले त्या बाजूला. जवळ जाऊन पाहिलं तर पुढच्या दोन्ही भिंगांवर झाकणं होती.

एकदा वाटलं, गप्प राहावं. मग म्हणालो, "भाऊ, झाकणं लावलेलीच आहेत."

"माहीत हाय," ते म्हणाले. "धुईनं काचा वल्या होतेत."

आणि दुर्बीण खाली न घेता, आवाज ज्या बाजूला जात होता त्या बाजूला, हळूहळू मान वळवत राहिले. मला ऐकू यायचं थांबलं त्यानंतरही बराच वेळ.